पखवाजाची कणीक

दिवाळीच्या सुट्ट्या लागायला नऊ दिवस होते. त्या गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी आमच्या महाविद्यालयाचा संघ विद्यापीठाच्या युवक महोत्सवात समूहगीतासाठी मंचावर गेला. संघात नऊ जण होते. सहा गाणारे, तीन वाजवणारे. नऊही जण आमच्याच हजेरीपटावरचे होते आणि संगीत हा विषय त्यांच्यापैकी एकाचाही नव्हता. आमच्या महाविद्यालयात तो शिकवलाच जात नव्हता.

पेटीवर मी होते. तेव्हा मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र.

बहुतेक महाविद्यालयांचे संघ त्या वर्षी बाहेरचा वादक घेऊन आले होते. नियमात ते बसत होतं. गाणारे विद्यार्थीच हवेत, साथीला दोघांपर्यंत बाहेरचे चालतील, असं पत्रकात छापलेलं होतं. आमचं महाविद्यालयही आधीची दोन वर्षं हिंगोलीतला एक वादक नेत होतं. तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ठेक्याचा पॅड दोन्ही वाजवायचा, आणि चांगलं वाजवायचा. दोन्ही वर्षं संघ सहभागाची प्रमाणपत्रं घेऊन परत आला. दोन्ही वर्षं मी संघात होते, मागच्या रांगेत, गाणाऱ्यांमध्ये. माझा आवाज साधारण आहे. मला पेटी येत होती, पण कीबोर्ड असताना पेटीला जागा नव्हती.

तिसरं वर्ष माझं शेवटचं होतं. पोळा झाल्यावरच्या आठवड्यात मी सांस्कृतिक विभाग सांभाळणाऱ्या सरांकडे गेले. ते अर्थशास्त्र शिकवायचे. या वर्षी साथ आपल्याच विद्यार्थ्यांची ठेवू, असं मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हौस वेगळी आणि स्पर्धा वेगळी," ते म्हणाले. "मंचावर फजिती झाली तर प्राचार्य मला बोलावतील, तुला नाही."

तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. सराव करा, महोत्सवाच्या आधी मी एकदा ऐकतो, असं ठरलं. त्यांना पटलं तर बाहेरचं कुणी येणार नव्हतं. नाही पटलं तर कीबोर्ड आणि पॅड येणार होते, पखवाज वाजवणारा आमचा मुलगा घरी राहणार होता आणि मी मागच्या रांगेत जाणार होते.

पेटी वडिलांची होती. ते नगरपालिकेत लिपिक होते आणि जयंतीच्या दिवसांत वस्तीतल्या गायन पार्टीत वाजवायचे. त्यांनी मला शिकवलं असं म्हणता येणार नाही. लहानपणी ते वाजवत असताना त्यांचा भाता मी ओढायचे. एका हाताला सवय झाली, मग दुसरा हात पट्ट्यांवर गेला. पेटी महाविद्यालयात न्यायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "काहून? तिथं मशीन हाय ना?" मी म्हटलं, या वर्षी मशीन नको. त्यांनी पेटी उघडली, भात्याच्या घडीला नवीन कापडी पट्टी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात ठेवून दिली.

पखवाज वाजवणारा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. तो शिरड शहापूरहून एसटीने येऊन-जाऊन शिकायचा. गावच्या भजनी मंडळात तो सातवीपासून वाजवत होता. पखवाज देवळाचा होता. मंडळाने तो दोन अटींवर दिला. पखवाज रोज संध्याकाळी गावात परत आला पाहिजे आणि एकादशीला तो गावाबाहेर जाणार नाही. त्यामुळे एकादशीला आमचा सराव बंद असायचा. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलीच्या दारावर आम्ही सरावाचे दिवस लिहून ठेवले होते, त्यात एकादशा खोडलेल्या होत्या. एसटीत तो पखवाज मांडीवर घेऊन बसायचा. ठरलेला एक कंडक्टर रोज विचारायचा, "ह्याचं हाफ काढू का फुल?" याचं उत्तर तोही रोज द्यायचा, "झोपलंय, उठवू नका."

पुढे उभी राहून गाणारी मुलगी औंढ्याची होती. तिच्या घरात देवळाची सेवा होती. पहाटेच्या आरतीला घरातल्या सगळ्यांबरोबर गाऊन तिचा आवाज मोकळा झालेला होता. ती वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे ती खोली आम्हाला मिळाली. आजूबाजूला वाळवून कागदावर चिकटवलेली पानं होती. गाणं हळद शिजवण्याचं होतं. शब्द बी.ए.च्या एका मुलाने लिहिले होते, तो टाळही वाजवणार होता. चाल आम्ही तिघांनी बसवली, गाणारीने, पखवाजवाल्याने आणि मी.

माझं प्रॅक्टिकल साडेचारला संपायचं. पोटॅशियम परमँगनेटचे डाग बोटांवर असायचे आणि ते साबणाने जात नाहीत. महिनाभरात पेटीच्या तीन पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा तपकिरी झाल्या. त्या अजून तशाच आहेत.

पहिल्या पंधरवड्यात तीन अडचणी आल्या.

पहिली अडचण पट्टीची होती. देवळाचा पखवाज काळी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरावर, लावलेला असायचा, कारण मंडळ त्याच पट्टीत गायचं. मुलींना ती चालत होती. मुलांचे आवाज वरच्या ओळीला फाटत होते. आम्ही काळी तीनवर उतरलो. पण पखवाज गावात उतरलेला गेला असता तर मंडळाने तो दुसऱ्या दिवशी दिला नसता. म्हणून तो मुलगा रोज आल्यावर हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून पखवाज उतरवायचा आणि जाण्याआधी पुन्हा चढवायचा. यात त्याची वीस-पंचवीस मिनिटं जायची. एवढं करून त्याने एकही एसटी चुकवली नाही.

दुसरी अडचण माझी होती. गायन पार्टीत गायकाची ओळ संपली की मधली जागा पेटीवाला भरून काढतो. लोकांना ते आवडतं, शिट्ट्या येतात. इथे सहा जणांना एकदम श्वास घेऊन एकदम उचलायचं होतं आणि माझ्या भरण्यामुळे त्यांची उचल चुकायची. औंढ्याची मुलगी चार दिवस चुकलेली उचल पुन्हा पुन्हा घेत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "ताई, तू एवढं छान वाजवून राहिलीस की आमाला गायला मोकळीकच न्हाई." मी जागा सोडायला शिकले. मला त्याला दोन आठवडे लागले.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी होती. भजनात लय चढत जाते. पहिल्या कडव्याला बसलेली माणसं शेवटच्या कडव्याला उभी राहतात. पखवाजवाल्याच्या हातात तेच होतं. प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच मी सरावाला आणायचे. एकच गाणं एके दिवशी पाच मिनिटं चाळीस सेकंदांत संपलं आणि दुसऱ्या दिवशी चार मिनिटं पन्नास सेकंदांत. त्याला सांगून उपयोग होत नव्हता. तो म्हणायचा, "मी जागेवरच हाय, तुमीच मागं राहून राहिले." त्याला ते खरंच तसं वाटत होतं.

उपाय बसण्याच्या जागेतून निघाला. तो गाणाऱ्यांकडे तोंड करून बसायचा. त्यांचा जोर वाढला की त्याचा हातही वाढायचा. आम्ही त्याला वळवून माझ्यासमोर बसवलं आणि गाणाऱ्यांकडे न बघता माझ्या भात्याकडे बघायला सांगितलं. माझा डावा हात लहानपणापासून एका चालीने भाता हलवत आला होता. त्या दिवसापासून वेळ पाच मिनिटं तीस ते पाच मिनिटं छत्तीस सेकंदांच्या बाहेर गेली नाही. सरावाच्या नोंदी माझ्याकडे आहेत. सोयाबीनच्या दिवसांत दोन गाणारे आले नाहीत, एक मळणीला अडकला होता, दुसरा माल घेऊन जवळा बाजारला गेला होता. तेवढे दिवस सोडले तर बाकी सगळे दिवस पूर्ण संघाने सराव केला.

सरांनी महोत्सवाच्या पाच दिवस आधी ऐकलं. ते खिडकीला टेकून उभे होते. गाणं संपल्यावर त्यांनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्यांनी निर्णय दिला. वादक म्हणून पेटी, पखवाज आणि टाळ अशी आम्हा तिघांची नावं जातील. पण ऑर्केस्ट्राचा वादक गाडीत सोबत येईल. मंचाशेजारी हजेरी होईपर्यंत अर्जात बाहेरच्या साथीदाराचं नाव भरता येत होतं. तो रकाना त्यांनी कोरा ठेवला. म्हणजे माझी जागा हजेरी होईपर्यंत पक्की नव्हती.

महोत्सव वसमतकडच्या एका महाविद्यालयात होता. सकाळी आठला जीप हिंगोलीहून निघाली. औंढ्याला गाणारी चढली, शिरड शहापूरला पखवाजवाला. मंडळाने त्या दिवशी पखवाज मखमली खोळीत घालून दिला होता.

इथे कणकेबद्दल सांगायला हवं. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्याशिवाय खर्जाचा आवाज निघत नाही. वाजवून झालं की तो खरवडून काढतात. आमच्या भागातल्या भजनी मंडळांची रीत अशी की भजन ज्याच्या घरी, कणीक त्याच्या घरची. वादक कणीक सोबत नेत नाहीत. सराव हिंगोलीत असायचा म्हणून रोज कणीक मी घरून न्यायचे, डब्याच्या झाकणात. आदल्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, उद्या आणू का?

"उद्या आपण पाव्हणे," तो म्हणाला. "कणीक तिथली."

मला ते बरोबर वाटलं. कणीक न नेण्याचा निर्णय अशा रीतीने दोघांचा होता.

महोत्सवाच्या ठिकाणी कणीक कुणी ठेवली नव्हती. ठेवण्याचं कारणही नव्हतं. स्वयंसेवकांना त्याने विचारलं तेव्हा त्यांनी त्याला भोजनकक्ष दाखवला. तिथे दुपारच्या जेवणात पुरी-भाजी होती. आचाऱ्याने पुरीच्या पिठाचा एक मोठा गोळा दिला. साडेतीनच्या सुमारास मंचामागच्या वर्गात पखवाजवाल्याने तो थापला. दुसऱ्या थापेला गोळा निसटून फरशीवर पडला. त्याने पुन्हा थापला, पुन्हा पडला. पुरीच्या पिठात तेलाचं मोहन आणि मीठ असतं. ते त्याला माहीत नव्हतं, कारण त्याने आयुष्यात कणीक मळली नव्हती. ती त्याला नेहमी आयती मिळाली होती. मला माहीत होतं, पण मी तेव्हा तिथे नव्हते, पेटी आणायला गाडीकडे गेले होते. परत आले तेव्हा कातडीवर तेलाचा डाग पडला होता आणि पखवाजवाला शर्टाच्या बाहीने तो पुसत होता.

सर आले. त्यांनी पखवाजावर एक थाप मारून बघितली. आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. सर रागावले नाहीत. खिशातून अर्ज आणि पेन काढून म्हणाले, "चारला हजेरी आहे. पॅड लावून घेऊ. मग कीबोर्डही लावू, एक पेटी कशाला मध्ये. तू मागे उभी राहा."

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून अडतीस मिनिटं. चारपर्यंत थांबा, अशी मी विनंती केली. ते म्हणाले, चारच्या पुढे एक मिनिट नाही. पखवाजवाल्याला मी कोरड्या फडक्याने कातडी पुसत राहायला सांगितलं.

महाविद्यालयाच्या कुंपणामागे दहा-बारा घरं होती. पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या घरी एक बाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढचं असावं. पखवाजाला लावायला थोडी कणीक हवी आहे, असं मी सांगितलं.

"भजन कुणाकडं हाय?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजात."

"कॉलेजात कवापासून भजन कराया लागले?"

त्या बोलत बोलतच उठल्या होत्या. पाठोपाठ मी आत गेले. त्यांनी परातीत गव्हाचं पीठ घेतलं. तेल-मीठ नको, असं मी म्हणाले. "पखवाजाला चव कळते व्हय?" त्या म्हणाल्या. पाणी हळूहळू घालत त्यांनी कणीक सैल मळली, बोटाने दाबून बघितली आणि आणखी थोडं पीठ टाकलं. लई पातळ झाली तर वाजवणाऱ्याच्या हाताला येते, असं त्यांनी मला समजावलं. त्यांच्याकडे दर गुरुवारी भजन असायचं. त्यांनी माझं गाव विचारलं. आडनाव विचारलं नाही. गोळा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मुठीएवढं कोरडं पीठ कागदात बांधून दिलं, कातडी तेलकट झाली असेल तर आधी ते चोळायला. तेल लागल्याचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते ओळखलं होतं.

मी परत आले तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. पखवाजवाल्याने कोरडं पीठ चोळून झटकलं, मग कणीक थापली. पहिल्या थापेला ती राहिली. पाचव्या थापेलाही राहिली. तो बोटाने कडा काढून काढून आवाज जुळवत होता. सर अर्ज घेऊन दारात उभे होते. ऑर्केस्ट्राचा वादक त्यांच्या शेजारी होता, पॅड काखेत धरून. त्याने पॅड बाकावर ठेवला, पखवाजाजवळ उकिडवा बसला आणि मला सूर धरायला सांगितलं. मी काळी तीन धरली. तो कान लावून ऐकत राहिला. मग उजव्या बाजूचा एक गठ्ठा त्याने स्वतः हातोडीने किंचित ठोकला.

"सर, लागला," तो म्हणाला. "माझं नाव नका टाकू. आता मी बसलो तर ह्यांचं बिघडंल."

सरांनी अर्जावर रेघ मारली. बाहेरचे साथीदार या रकान्यात त्यांनी 'निरंक' लिहिलं, सही केली आणि कागद हजेरीच्या टेबलावर दिला.

मंचावर आम्ही सरावात बसायचो तसेच बसलो. पखवाजवाला माझ्यासमोर, प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून. तसं बसू नये, असं निवेदकाने त्याला खुणेने सांगितलं. तो हलला नाही. सहा जणांनी पहिली ओळ एका श्वासात उचलली. दुसऱ्या कडव्यात टाळ अर्धी मात्रा मागे राहिला आणि लगेच सावरला. हळद उकळते त्या कडव्याला समोरच्या रांगांतली मुलं टाळ्यांनी ठेका देऊ लागली. त्या टाळ्या आमच्यापेक्षा जलद होत्या. पखवाजवाल्याची मान एकदा त्यांच्याकडे गेली. मग ती भात्याकडे परत आली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. मी कुठलीही मधली जागा भरली नाही. ऑर्केस्ट्राचा वादक विंगेत स्टॉपवॉच धरून उभा होता, ते मी त्याच्याकडे दिलं होतं. गाणं पाच मिनिटं चौतीस सेकंदांत संपलं.

कणीक पखवाजावरच होती. मंचामागे आल्यावर पखवाजवाल्याने ती खरवडून हातात घेतली आणि काय करायचं म्हणून माझ्याकडे बघत राहिला. मग कुंपणापलीकडे चरणाऱ्या एका गाईला देऊन आला. औंढ्याची मुलगी पायरीवर बसून पाणी पीत होती. ती मला म्हणाली, "बराबर झालं." घरी गेल्यावर वडिलांनी आधी पेटी उघडून भाता तपासला, मग विचारलं, किती संघ होते. मी एकवीस सांगितलं. "आन् मशीन किती जणांकडं होती?" ते मी मोजलं होतं. आमच्यासकट तीन संघ सोडून सगळ्यांकडे.

निकाल दुसऱ्या दिवशी बारा वाजता फलकावर लागला. समूहगीत, द्वितीय क्रमांक. पुढे महाविद्यालयाचं नाव आणि नऊ जणांची नावं, प्रत्येकापुढे वर्ग आणि विषय. रसायनशास्त्र, वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र, पुन्हा वाणिज्य. परीक्षकांपैकी एकांनी सरांना बोलावून विचारलं की आमच्याकडे संगीत विभाग कधी सुरू झाला. झालेला नाही, असं सरांनी सांगितलं. हे सरांनीच मला नंतर दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा त्याच शब्दांत.

पखवाज महोत्सवाच्याच संध्याकाळी गावात परत गेला होता, काळी चारवर चढवून. मंडळाने प्रमाणपत्राची छायाप्रत देवळाच्या भिंतीवर लावली. ती मी स्वतः पाहिली आहे.

पुढच्या वर्षी मी महाविद्यालयात नव्हते. त्या वर्षीचा अर्ज मी नंतर सांस्कृतिक विभागाच्या फाइलमध्ये बघितला. पखवाजावर तोच विद्यार्थी होता, आता बी.कॉम. तृतीय वर्ष. पेटीवर बी.एस्सी. प्रथम वर्षाची एक मुलगी होती, विषय भौतिकशास्त्र. बाहेरचा वादक घेतलेला नव्हता.